साडेतीनशेचा प्रोग्राम

इतवारी, नागपूर
१८ सप्टेंबर १९८८

ती. देवकीताईले मार्तंडचा शि. सा. न. वि. वि.
(साष्टांग मनातल्या मनात समजून घे. खोलीत कॉम्प्युटर आल्यापासून आडवं व्हाले जागाच राहिली नाही.)

पयले एक गोष्ट कबूल करून टाकतो, मग बाकीची खबरबात. मी बाबाच्या कॉम्प्युटरात एक खोडी करून ठेवली आहे. बटन दाबलं का हिरव्या इंग्रजी अक्षरात येते, ‘देवराव, नीट बसा’. दोन सेकंद रायते अन् जाते. तुले वाटन का यात काय एवढं. एवढं हे, का बाबा खरंच नीट बसले. पाठ ताठ केली, बनियनवर सदरा घातला, अन् आईले बोलावून विचारलं का याले माझं नाव कोणी सांगतलं.

मी तवाच सांगून द्याले पाहिजे होतं. पण हसू दाबता दाबता वेळ निघून गेली. आता ते रोज सदरा घालूनच बसते.

तुले हे तर माहीत आहे का कोर्टातून रिटायर झाल्यावर बाबानं एका बंद पडलेल्या ऑफिसातून हा जुना कॉम्प्युटर उचलला. घरी बसून टायपिंगची कामं घ्यायची, असा इचार. पण मशीन आली रिकामी. पत्र लिहाले एक प्रोग्राम लागते, बेरजा कराले दुसरा लागते. म्हणजे टांगा दारात उभा, घोडं यायचं आहे. ते घोडं पाहाले आम्ही बापलेक पंधरा दिवस नागपूर हिंडलो.

पयले धंतोलीत गेलो. थंडगार दुकान, टाय लावलेला माणूस, कॉफी. लिहायचा डबा सहा हजार, बेरजेचा नऊ हजार. बाबानं डबा उचलून वजन पाह्यलं, अन् त्याले उघडून दाखवाले लावला. आतमंदी दोन फ्लॉपी अन् एक जाडं पुस्तक. जिना उतरताना बाबा म्हणाले का चार पापडाचे पंधरा हजार मागते म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरते. मग सीताबर्डीवर एकानं तेच प्रोग्राम नक्कल करून तीस रुपये फ्लॉपी सांगतले. तिथं तर बाबा पायरीवरूनच परतले. अडतीस वर्षं चोरीच्या खटल्याचे कागद टाईप केले, आता त्यात स्वतःचं नाव टाईप करू काय, म्हणे. बाबाचा हिशोब तुले माहीत आहे. महाग आहे तर लुबाडून राहिला, स्वस्त आहे तर फसवून राहिला, अन् चहा पाजला तर दोन्ही.

शेवटी महालात केशव नावाचा पोरगा भेटला. पॉलिटेक्निक झालेला, माह्याहून चार वर्षं मोठा. त्यानं स्वतःच एक प्रोग्राम बनवला, नाव ‘सहायक’. त्यातच पत्र, त्यातच बेरजा, त्यातच नावाच्या याद्या. साडेतीनशे रुपये, पक्की पावती. बाबानं त्याले दोन तास असा तपासला, जसा तो पिंजऱ्यात उभा आहे. एवढं स्वस्त काहून, हे सात वेळा विचारलं. केशव म्हणे का काका, माह्याजवळ डबा नाही, टाय नाही, अन् कॉफी परवडत नाही. मले तो तिथंच आवडला. बाबाले नाही आवडला. ते घरी आले, दोन रुपयांचा स्टॅम्प पेपर आणला, अन् आपल्या जुन्या इंग्रजी रेमिंग्टन टाईपरायटरवर बंधपत्र ठोकलं. प्रोग्रामच्या दोषानं बेरीज चुकली तर दुप्पट रक्कम परत, अन् हा प्रोग्राम नागपुरात कोणालेच विकायचा नाही. केशवनं वाचलं, हसला, सही केली. साक्षीदार मी.

मशीन चालू होताना काय वाचते, अन् त्यात ओळ कशी टाकायची, हे मले केशवनंच शिकवलं. त्याच संध्याकाळी मी खोडी केली. आता बाबाची खात्री झाली का केशवनंच त्यांचं नाव आत घातलं, लक्ष ठेवाले. सांग आता, मी काय करू?

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवला का धपाटेबी वाढतात.
तुहा मार्तंड

---

भिवापूर
२७ सप्टेंबर १९८८

चि. मार्तंड यास ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा, आल्यावर देईन.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. तू एक कबूल करतो तेव्हा मागं दोन लपवलेल्या असतात, हे मी तुला लहानपणापासून ओळखून आहे. आणखी काही केलं असशील तर परतीच्या टपालानं लिही. आणि ती ओळ-बिळ जे काय आहे ते काढून टाक, बाबांना खरं सांग. आजच्या आज.

का म्हणते ते ऐक. बाबांचं यांना पत्र आलं. आमच्या शाळेच्या नववीचा सहामाहीचा निकाल कॉम्प्युटरवर करून देतो म्हणतात. नववी यांच्याकडेच आहे, अठ्ठावन्न मुलं, सात विषय. हे पत्र वाचून म्हणाले, कल्पना चांगली आहे. तू यांना ओळखतोस, कल्पना चांगली आहे म्हणजे मनात नाही. मशीननं केलेली बेरीज तपासते कोण, असं दोनदा विचारलं मला. मला काय ठाऊक. तरी मीच हट्ट धरला, एक वेळ करून तर पाहा म्हटलं. निकाल बरोबर आला तर हेडमास्तर वार्षिक परीक्षेचं अख्ख्या शाळेचं काम बाबांना देणार आहेत.

मार्त्या, तुला घरात राहून दिसत नाही ते मला आईच्या पत्रातून कळते. बाबा अजून रोज अकरा वाजता कोर्टाच्या फाटकापर्यंत जातात आणि चपराश्याशी बोलून परत येतात. त्यांना कोणीतरी काम सांगायला पाहिजे आहे रे. या कामात तुझा हात, तुझं डोकं, तुझी खोडी, काही नको.

तब्येत जप, बी.कॉम.चा फॉर्म भर. मी आहे तशीच तुझी,
ताई

---

इतवारी, नागपूर
१ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. देवकी हिस देवराव यांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, इयत्ता नववीचा निकाल-तक्ता पूर्ण करून आजच्या एस.टी.ने पाठवीत आहे. पोहोच द्यावी. नावे अठ्ठावन्न, विषय सात. सर्व गुण मी स्वतः टाईप केले आणि मूळ कागदाशी दोन वेळा ताडून पाहिले. त्यात एकही चूक नाही. बेरजा आणि हजेरी क्रमांक यंत्राने घातले. बेरजा मी तपासल्या नाहीत, कारण त्या तपासायच्या तर यंत्र कशाला घेतले. चि. मार्तंड यास खोलीत येऊ दिले नाही.

यंत्राबद्दल तुला म्हणून लिहितो, तुझ्या आईस लिहू नये. ते मला नावाने ओळखते. प्रोग्राम करणारा मुलगा गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याचे मी कोर्टात फार पाहिले आहे. तथापि त्याचे बंधपत्र माझ्या कपाटात आहे, त्यामुळे चिंता नसावी.

चि. आनंदरावांनी मोबदल्याचा विषय काढू नये. लेकीच्या घरचा पैसा मला चालत नाही. काम पसंत पडले एवढे त्यांनी चार लोकांत बोलावे, पुष्कळ झाले.

सर्वांस यथायोग्य. आठवण ठेवावी.
देवराव

---

भिवापूर
५ नोव्हेंबर १९८८

मार्तंड,
आशीर्वाद नंतर. आधी उत्तर पाहिजे.

तक्ता आला. कागद किती सुंदर, रेघा सरळ, हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये फिरवला. हे पण खूश दिसले. संध्याकाळी घरी आणला आणि यांच्या कपाळावर आठी आली. वर्गात पहिली येणारी कौसल्या म्हणून मुलगी आहे. गुण सगळे बरोबर लिहिले आहेत, एक्याऐंशी, एकाहत्तर, अडुसष्ट, एक्याण्णव, चौऱ्याहत्तर, एकसष्ट, परत एक्याऐंशी. आणि एकूण लिहिलं आहे एकशेबेचाळीस. पोरगी नापास! बाबांच्या तक्त्यात अशी अर्धी मुलं बुडाली आहेत. बाकीच्या अर्ध्यांची बेरीज अगदी चोख.

हे रागावले असते तर बरं होतं. पेन्सिल घेऊन स्वतः बेरजा करायला बसले. मग मला एवढंच विचारलं का मामांनी हा तक्ता कोणाला दाखवला होता का. मी अडवायच्या आत यांनी बाबांना कार्ड टाकलं. फार सभ्य भाषेत लिहिलं आहे, म्हणून जास्त लागेल.

शाळा एकवीस तारखेला उघडते, त्या दिवशी निकाल वाचायचा आहे. हाताने करून टाकतो असं हे म्हणतात. तसं झालं तर बाबांना परत कोणी काम सांगणार नाही, आणि ते कोणाकडे मागणारही नाहीत.

एकदाच विचारते. हे तू केलं का?
देवकी

---

इतवारी, नागपूर
११ नोव्हेंबर १९८८

ती. ताईले शि. सा. न.
भाऊबीजेले तू आली नाही, ओवाळणी इथंच ठेवली आहे. तुहा राग रास्त आहे, पण मी नाही केलं. आईची शप्पथ. निदान मले तरी वाटते का मी नाही केलं.

भाऊजीचं कार्ड ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आलं. बाबानं उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं, कॉम्प्युटरवर कव्हर टाकलं. पूजेले बसले, पण आरती म्हणाले नाही. फराळाले शेव दिली तर ताट बाजूले सारलं. मग कपाटातून बंधपत्र काढलं. म्हणे ज्यानं माझं नाव आत घातलं, त्यानं बेरजेत हात घातला नसन कशावरून? सोमवारी वकिलाकडं जाणार आहे, मग ठाण्यात. केशव कामातून गेला, ताई. त्या गरिबाचा तो एकच प्रोग्राम आहे. त्याच्यावरच त्याचं घर चालते.

तू सांगूनबी मी बाबाले त्या खोडीचं सांगतलं नाही, हे खरं आहे. रोज सांगीन सांगीन म्हणत राहिलो. आता तर जीभच उचलत नाही. मले धास्ती पडली का माह्याच त्या ओळीनं प्रोग्राम बिघडला असन काय. म्हणून बाबा भाजीले गेले तवा कव्हर काढलं, ती ओळ पुसून टाकली, अन् तुह्या वर्गातल्या वीस पोरांचे गुण मी स्वतः भरले. वीसच्या वीस बेरजा बरोबर. उड्या मारल्या मी. बाबाले म्हटलं, तुम्हीबी एकदा भरून पाहा, आता होईन. ते नाही नाही म्हणता बसले. तेच वीस पोरं, तेच गुण. नऊ चुकले.

ताई, इचार कर. तीच मशीन, तोच प्रोग्राम. माह्यासाठी बरोबर मोजते, बाबासाठी चुकते. बाबानं परत कव्हर टाकलं, अन् मले दिसलं का त्यांना जे वाटून राहिलं होतं ते पक्कं झालं. हे मशीन त्यांना ओळखते अन् त्यांच्यावर दात धरून आहे.

केशवले जाऊन सांगतलं तर त्याचा चेहरा पांढरा पडला. बंधपत्राच्या आधीपासून चार दुकानात प्रोग्राम चालू आहे, कोणाची तक्रार नाही म्हणे. मग तो माह्याकडं पाहत राहिला, मी त्याच्याकडं. त्याले वाटून राहिलं का मी काहीतरी केलं, मले वाटून राहिलं का त्यानं. एकाच बशीतला चहा अर्धा अर्धा पिऊन आम्ही एकमेकावर संशय घेत बसलो.

तू एक कर. कोणाकोणाची बेरीज चुकली, त्यांची यादी गुणासहित पाठव. लवकर पाठव, सोमवार जवळ आला.

तुह्या मायेचा आधार असू दे, बाकी कोणाचा राहिला नाही.
मार्तंड

---

भिवापूर
१३ नोव्हेंबर १९८८

चि. मार्तंड यास आशीर्वाद. (या वेळी खरे.)

टपालानं उशीर होईल म्हणून नागपूरला जाणाऱ्या मारोतरावांच्या हाती पाठवते आहे. ते मिरच्यांची पोती घेऊन इतवारीतच येतात. यादी सोबत आहे.

यादी करताना यांना एक गोष्ट दिसली, ती लिहिते, मला तिचा अर्थ लागत नाही. ज्या मुलाच्या गुणात कुठं एकाचा आकडा आहे, एक्केचाळीस म्हण, एकाहत्तर म्हण, सोळा म्हण, त्याचीच बेरीज चुकली. तेवढाच विषय बेरजेतून गळला आहे. ज्याच्या गुणात एकाचा आकडा कुठेच नाही त्याची बेरीज बरोबर. कौसल्येचे पाच विषय असेच गेले.

आणि दुसरं. भिंग लावून यांनी पाहिलं. हजेरी क्रमांकातला एक आहे त्याला वर नाक आहे आणि खाली पाट आहे. गुणांतला एक नुसता काडीसारखा उभा. यांना दाट संशय आहे का बाबांनी टाईप केल्यावर कोणीतरी मागून एक-एक आकडा बदलला. नाव नाही घेतलं, पण तुझी आठवण काढली.

मला तसं वाटत नाही. पण मग कोणी केलं?
तुझी ताई

---

इतवारी, नागपूर
१७ नोव्हेंबर १९८८

ती. ताईले मार्तंडचा खराखुरा साष्टांग, जागा करून घातला.

तुही यादी मारोतरावानं आणून दिली अन् मी ती दहा वेळा वाचली. मग बाबाले म्हटलं का वकिलाकडं जायच्या आधी पुरावा म्हणून अजून दोन पोरं भरून दाखवा. पुरावा म्हटल्यावर ते बसले. मी पडद्याकडं पाह्यलंच नाही. बोटाकडं पाह्यलं.

ताई, बाबाच्या रेमिंग्टनवर एकाचा आकडाच नाही. तू कधी पाह्यलं काय? मी आता जाऊन पाह्यलं, आकडे दोनापासून सुरू होतात. एक मारायचा असन तर जुने टायपिस्ट इंग्रजीतला लहान एल मारतात. कागदावर सारखंच दिसते, जजले काय समजते. बाबानं अडतीस वर्षं तसंच मारलं. कॉम्प्युटरवर एकाचं बटन आहे, वरच्या ओळीत, पार डाव्या कोपऱ्यात. दसऱ्याले आईनं त्या बटनाले कुंकू लावलं होतं. ते कुंकू अजून जसंच्या तसं आहे. तिथं बाबाचं बोट एकदाबी गेलं नाही. मी तर गुण उजवीकडच्या आकड्याच्या वेगळ्या बटनावरून भरले होते, खरा एक मारून.

प्रोग्रामले काय, त्याले आकड्यात अक्षर दिसलं. हे नाव असन समजून त्यानं तो गुण बेरजेतून सोडून दिला. केशव खरा, मशीन खरी, मी खरा. बाबाचीच बोटं.

मी तर नाचतच सांगाले गेलो होतो. बाबा खाटेवर बसून ते बंधपत्र वाचून राहिले होते, त्यांनीच टाईप केलेलं. वर पाह्यलं नाही. हळूच म्हणाले, “अडतीस वर्षांत माह्या हातचा एक कागद परत आला नाही. हा पयला. माह्याच हातानं काही झालं असन का रे?”

ताई, मी जलमात कधी बाबाले प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. ते नेहमी उलटतपासणी घेतात, विचारत नाहीत.

अन् माह्या तोंडातून निघून गेलं का नाही, मी केलं. ‘देवराव, नीट बसा’ ही ओळ माही, अन् तिच्यामुळंच बेरजा बिघडल्या. तुम्ही बसले का बिघडायच्या, मी बसलो का नाही, कारण त्यात तुमचं नाव होतं. त्या दिवशी ओळ मी पुसली पण तिचं मूळ आत राहिलं. काय वाट्टेल ते बोललो. कोर्टात असतो तर जजनं दोन मिनिटात पकडलं असतं.

बाबा उठले अन् एक कानाखाली ठेवून दिली. चांगली दिली, अजून ऐकू कमी येते. पण मारताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला का मी दुसरा गाल पुढं करणारच होतो. मग बंधपत्राचे चार तुकडे केले अन् म्हणाले, जा, त्या पोराची माफी माग, आपल्या घरच्या चोरासाठी मी त्याच्यावर उठलो.

मी केशवकडं पळालो. सारं सांगतलं. तो आधी कपाळाले हात लावून बसला, मग म्हणे का उद्या नागपुरातले सगळे जुने टायपिस्ट माह्याकडं आले तर हेच होणार, बरं झालं कळलं. दहा मिनिटात त्यानं प्रोग्रामले शिकवलं का गुणाच्या रकान्यात लहान एल आला तर तो एक समजायचा. माही खोडी मुळासकट काढाले नवी फ्लॉपी दिली, असं बाबाले सांगतलं. बाबानं परत बेरजा काढल्या, अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न हातानंबी तपासल्या. एकबी चूक नाही. कौसल्या पाचशेसत्तावीस, पयली. तक्ता सोबत पाठवून राहिलो, एकवीसच्या आत पोचन.

आता माहं ऐक. मले कॉम्प्युटरले हात लावाची बंदी झाली. बाबानं माह्याकडूनबी स्टॅम्प पेपर लिहून घेतला. केशव मले महिना अडीचशेवर ठेवणार होता, नागपूरबाहेर दुकानादुकानात प्रोग्राम दाखवाले. मी तुले सांगतलं नव्हतं, पक्कं झालं का सांगणार होतो. बाबा काल स्वतः त्याच्याकडं गेले अन् सांगून आले का या पोराच्या हाती मशीन देऊ नको, विश्वासाचा नाही. केशवले सारं माहीत असून मान हलवावी लागली. मले येऊन म्हणे, तू म्हणशील तर मी काकाले खरं सांगतो. मी नाही म्हटलं.

बाबा आज सकाळी अकरा वाजता घरीच होते. सदरा घालून बसले अन् कोणाचा तरी अर्ज टाईप केला. एक जिथं आला तिथं एलच मारला. मी दारातून पाहत होतो.

म्हणून ताई, हे कोणाले सांगू नको. आईले नको, ती रडन अन् बाबाले समजन. भाऊजीले तर मुळीच नको. ते मास्तर आहेत, चूक दिसली का समजावून सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, अन् ते बाबाले इतक्या सभ्यपणे समजावून सांगतीन का बाबा परत त्या मशीनवर बसणार नाहीत. भाऊजी विचारतीन तर म्हण का माहा भाऊ नालायक आहे. ते लगेच पटवून घेतीन, त्यांना कष्ट पडणार नाहीत. हे पत्र वाचलं का चुलीत घाल. माह्या नावानं शिव्या दे, चार लोकात दे, बाबासमोर दे, मले चालन. फक्त हे नको सांगू का मी केलं नाही. पाया पडतो वं ताई, कोणाले म्हणजे कोणाले सांगू नको.

तुहा मार्तंड